ग्रास कटर: कॅनमधल्या पेट्रोलपासून गिअरच्या ग्रीसपर्यंत

ऑगस्टच्या अखेरीस कोकणातल्या आंबा-काजूच्या बागांत गवत कमरेला लागते, आणि नेमका तेव्हाच ग्रास कटर दोरी ओढून ओढून खांदा दुखला तरी सुरू होत नाही. मिस्त्रीकडे रांग असते ती याच दिवसांत. त्या रांगेतली बरीचशी मशीन तीनच कारणांनी आलेली असतात: चुकीचे किंवा शिळे पेट्रोल, गवताने बुजलेले इंजिन आणि ग्रीस न मिळालेला गिअर. तिन्ही गोष्टी घरच्या पडवीत सांभाळता येतात. त्यासाठी लागते काय? प्लगचा टी पाना, एलन चाव्या, चपटा पेचकस, बारीक कानस, जुना टूथब्रश आणि औषधाची २० मिलीची सिरिंज.

दुचाकीची सवय मात्र बाजूला ठेवावी लागते. मोटारसायकलच्या इंजिनात ऑइल वेगळे असते, ते संपत आले तरी काही दिवस निभावते. टू-स्ट्रोक ग्रास कटरमध्ये वंगण येते ते फक्त पेट्रोलमधून. म्हणजे पेट्रोल कमी पोचले की ऑइलही कमी पोचले. पुढची बहुतेक दुखणी या एका गोष्टीतून निघतात.

आधी इंजिन ओळखा

खांद्याला पट्ट्याने अडकवायचे असो वा पाठीवरचे, इंजिनाला ऑइल भरायचे वेगळे झाकण असेल तर ते फोर-स्ट्रोक. त्यात साधे पेट्रोल जाते. असे झाकण नसेल आणि टाकीच्या बुचावर पेट्रोलपंप आणि थेंबाचे चिन्ह असेल तर टू-स्ट्रोक. अदलाबदल झालीच तर फोर-स्ट्रोकमध्ये ऑइलमिश्रित पेट्रोल गेल्याने धूर होईल, प्लग काळा पडेल, एवढेच. उलट टू-स्ट्रोकमध्ये साधे पेट्रोल गेले तर भर रेसवर काही मिनिटांत पिस्टन ब्लॉकला (ज्या नळकांड्यात तो वर-खाली होतो त्याला) चिकटतो. घरात दोन्ही प्रकारची मशीन असतील तर दोन वेगळ्या रंगांचे कॅन ठेवा. टू-स्ट्रोक ऑइलला निळा, हिरवा किंवा लाल रंग दिलेला असतो, त्यामुळे काचेच्या ग्लासात थोडे ओतून पाहिले तरी कोणते कोणते ते कळते.

पेट्रोल आणि ऑइल

प्रमाण मशीनच्या पुस्तकात लिहिलेले असते आणि तेच पाळायचे. ५०:१ म्हणजे लिटरमागे २० मिली, ४०:१ म्हणजे २५ मिली, ३०:१ म्हणजे ३३ मिली, २५:१ म्हणजे ४० मिली. ‘थोडे जास्त ऑइल म्हणजे जास्त सुरक्षित’ हा समज अर्धाच खरा आहे. जास्त ऑइलने प्लग ओला राहतो, सायलेन्सरची जाळी काजळीने बुजते, शिवाय ऑइलने जेवढी जागा घेतली तेवढे पेट्रोल कमी जाते. बाटलीच्या बुचाने अंदाजाने मोजू नका. बुचे सारखी नसतात, सिरिंज चुकत नाही.

ऑइल कोणते, हा प्रमाणाइतकाच मोठा प्रश्न. डब्यावर ‘जासो एफसी’ किंवा ‘एफडी’ (टू-स्ट्रोक ऑइलच्या दर्जाची खूण) लिहिलेले, हवेने थंड होणाऱ्या इंजिनांचे टू-स्ट्रोक ऑइल घ्या. मोटारसायकलचे २०डब्ल्यू-४० इंजिन ऑइल यात कधीही घालू नये. त्यातली धातुयुक्त रसायने जळून राख होतात, प्लगवर आणि पिस्टनच्या रिंगांच्या खाचेत बसतात, आणि रिंग चिकटली की कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनातला दाब, गेले. बंदराजवळच्या गावांत आणखी एक चूक सर्रास होते: होडीच्या मशीनचे ‘टीसी-डब्ल्यू३’ ऑइल दुकानात सहज मिळते म्हणून तेच ओततात. ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी बनवलेले आहे. ग्रास कटरचा ब्लॉक त्यापेक्षा कितीतरी जास्त तापतो, आणि तिथे ते पुरे पडत नाही.

मिसळायची रीत अशी: कॅनमध्ये अर्धे पेट्रोल, त्यात मोजलेले सगळे ऑइल, झाकण लावून अर्धा मिनिट हलवायचे, मग उरलेले पेट्रोल घालून पुन्हा हलवायचे. मशीनच्या टाकीत कधीच मिसळू नये, कारण टाकीच्या तळातून निघालेली नळी सुरुवातीला नुसते ऑइल किंवा नुसते पेट्रोल ओढते. प्रत्येक वेळी टाकी भरण्याआधीही कॅन हलवा.

पंपावर आता मिळते ते पेट्रोल २० टक्के इथेनॉलचे. लहान इंजिनांची अनेक पुस्तके १० टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात, म्हणून जुने मशीन असेल तर जास्त लक्ष हवे. इथेनॉल हवेतला ओलावा शोषते, जुन्या रबरी नळ्या आणि पडदे फुगवते किंवा कडक करते, आणि स्वतःत ऑक्सिजन असल्यामुळे हवा-पेट्रोलचे मिश्रण थोडे पातळ करते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. पातळ मिश्रण म्हणजे गरम इंजिन. पण खरा घात होतो तो पावसात ठेवलेल्या कॅनमध्ये. झाकणातून पाणी उतरले की ठरावीक मर्यादेनंतर पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाला बसतात, ऑइल मात्र वरच्या पेट्रोलबरोबर राहते. टाकीतली नळी तळाशी असते. इंजिनाला मिळते ते वंगण नसलेले पाणीदार इथेनॉल.

म्हणून पेट्रोल-ऑइलचे मिश्रण एका महिन्याच्या आत संपेल एवढेच करा, भर पावसाळ्यात दोन आठवड्यांचे पुरे. शंका आली तर कॅनच्या तळचे थोडे पेट्रोल काचेच्या ग्लासात काढून दहा मिनिटे ठेवा. गढूळपणा किंवा खाली वेगळा थर दिसला तर ते सगळेच बाद. वरचे चांगले दिसते म्हणून वेगळे काढून वापरू नये. विहिरीच्या आसपास तर ते मुळीच ओतू नका.

कापून झाल्यावरची दहा मिनिटे

मशीन थंड होऊ द्या, प्लगची टोपी ओढून काढा, मगच पात्याला हात लावा. इंजिनावरचे प्लास्टिकचे कव्हर दोन-तीन स्क्रूंचे असते. ते आठवड्यातून एकदा तरी उघडून ब्लॉकच्या पाकळ्या (त्याला थंड ठेवणाऱ्या पातळ धातूच्या पट्ट्या) ब्रशने मोकळ्या करा. दोरीच्या बाजूच्या जाळीतून पंखा हवा ओढतो, आणि ओल्या गवताचा भुगा त्या हवेबरोबर पाकळ्यांत जाऊन थापला जातो. बाहेरून मशीन स्वच्छ दिसते, आतून ब्लॉकला गोधडी पांघरलेली असते. पाण्याचा पाइप इंजिनावर मारू नका. पाणी कॉइलमध्ये, एअर फिल्टरमध्ये आणि पाते फिरवणाऱ्या शाफ्टच्या नळीत शिरते.

त्याच वेळी पात्याचा नट, हँडलचे बोल्ट आणि सायलेन्सरचे दोन बोल्ट चाचपून घ्या. सायलेन्सर ढिला झाला तर आवाज बदलतो आणि गरम वारा थेट प्लास्टिकवर जातो.

एअर फिल्टर, पेट्रोल फिल्टर, प्लग

फोमचा एअर फिल्टर कोमट साबणाच्या पाण्यात दाबून धुवा, पिळू नका, फाटतो. पूर्ण वाळल्यावर त्यावर ऑइलचे चार-पाच थेंब टाकून मुठीत दाबा, म्हणजे सारखे पसरेल. सुक्या गवतात काम असेल तर रोज, एरवी आठवड्याला. कागदी फिल्टर धुवायचा नसतो. हलके आपटून धूळ झाडा, तरी काळा राहिला तर बदला. फिल्टर न लावता ‘आजच्या दिवस’ चालवणे सगळ्यात महाग पडते: जांभ्याची बारीक धूळ हवेबरोबर आत जाते आणि पिस्टन घासला जातो.

पेट्रोल फिल्टर टाकीच्या आत नळीच्या टोकाला असतो. तारेचा छोटा हूक करून टाकीच्या तोंडातून अलगद बाहेर ओढा. रंग काळपट झाला असेल किंवा फुंकर जाताना अडत असेल तर नवा घाला. वर्षाला एक, असा नियमच ठेवला तर बिघडत नाही. नळी हाताला चिकट किंवा कडक लागली, वाकवल्यावर भेगा दिसल्या तर तीही बदला. अशा भेगेतून हवा ओढली जाते आणि इंजिन उगाचच जोरात रेस होते. ते ऐकायला दमदार वाटते, पण मिश्रण पातळ झाल्याची ती खूण आहे.

प्लगचा रंग पाहून इंजिनाची तब्येत कळते. विटकरी-तपकिरी असेल तर ठीक. काळा आणि ओला असेल तर ऑइल जास्त, चोक अर्धवट राहिलेला किंवा फिल्टर बुजलेला. पांढरा किंवा राखाडी, टोक भाजल्यासारखे असेल तर मिश्रण पातळ आहे, आणि मशीन लगेच थांबवायला हवे. गॅप मशीनप्रमाणे ०.५ ते ०.७ मिमी असते. नेमका आकडा पुस्तकात पाहा. प्लग आधी हाताने पूर्ण आट्यात बसवा, मगच पाना लावा. अॅल्युमिनियमचे आटे एकदा गेले की ब्लॉक बदलण्यावर येते.

सुरू होत नाही: शोधायचा क्रम

कार्बोरेटरवर शेवटी जा. आधी स्विच, चोक आणि टाकीतले पेट्रोल बघा. मग प्लग काढा. ओला असेल तर पेट्रोल चढले आहे: प्लग पुसून वाळवा, चोक काढा, रेस पूर्ण दाबून, प्लगचे भोक उघडेच ठेवून आठ-दहा वेळा दोरी ओढा, आणि प्लग लावून चोकशिवाय सुरू करा. भोकातून पेट्रोलची वाफ उडते, म्हणून प्लगची टोपी त्या वेळी भोकापासून लांब ठेवा. प्लग कोरडाच निघाला तर पेट्रोल पोचत नाही: कार्बोरेटरजवळचा पेट्रोल ओढणारा रबरी बल्ब दाबून पाहा. दाबल्यावर फुगून परत येत नसेल तर फिल्टर किंवा नळी बुजली आहे, बुडबुडेच येत राहिले तर नळीत भेग आहे.

पाच-दहा मिनिटे छान चालून बंद पडते आणि टाकीचे झाकण सैल केले की पुन्हा चालते? मग टाकीला हवा जायचे छिद्र बुजले आहे. पेट्रोल जाते तेवढी हवा आत आली पाहिजे, नाही तर टाकीतच पोकळी होते. या एका क्षुल्लक भोकापायी चांगले कार्बोरेटर बदलले जातात.

कॉम्प्रेशन पाहायची गावठी पण उपयोगी पद्धत: इंजिन थंड, स्विच बंद, दोरीच्या मुठीला धरून मशीन उचला. थांबत थांबत, धक्क्याधक्क्याने खाली येत असेल तर ठीक. सरळ घसरत आले तर रिंग किंवा ब्लॉक संशयात. तेव्हा सायलेन्सरचे दोन बोल्ट काढून टॉर्चने पिस्टनकडे पाहा. फक्त सायलेन्सरच्या बाजूला उभ्या चरा असतील तर इंजिन तापले किंवा मिश्रण पातळ होते. चारही बाजूंनी चरा असतील तर ऑइलच नव्हते. कार्बोरेटरच्या बाजूने पिस्टन निस्तेज, खरखरीत झाला असेल तर एअर फिल्टरने दगा दिला. कारण न शोधता नुसता नवा ब्लॉक-पिस्टन बसवला तर तोही त्याच वाटेने जातो.

कार्बोरेटर

याला मोटारसायकलसारखी पेट्रोलची वाटी आणि तरंगता फ्लोट नसतो. मशीन आडवे-तिरके चालते म्हणून पेट्रोल रबरी पडद्यांनी नियंत्रित होते: एका बाजूला पंपाचा पडदा, दुसऱ्या बाजूला मीटरिंगचा, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा. दोन-तीन वर्षांत हे पडदे कडक होतात. मीटरिंगचा पडदा कडक झाला की तो सुईच्या तरफेवर पुरेसा दाब देत नाही. मशीन फक्त चोकवर चालते, चोक काढला की मरते. हे लक्षण दिसले तर त्या कार्बोरेटरचा पडदे-गॅस्केटचा संच आणा.

उघडताना प्रत्येक थराचा मोबाइलवर फोटो काढा. गॅस्केट आणि पडद्याचा क्रम उलटला तर मशीन सुरूच होणार नाही. पंपाच्या बाजूला एक छोटी गोल जाळी असते, तिथे हिरवट-पांढरा गाळ सापडतो. ब्रशने साफ करा. कार्बोरेटर क्लीनर स्प्रे रबरी भाग सगळे काढल्यावरच मारायचा. जुन्याच पडद्यावर मारला तर तो लगेच फुगतो. जेटमध्ये (पेट्रोल जायच्या बारीक भोकात) तार किंवा सुई घालू नका. भोक केसभर मोठे झाले तरी सेटिंग कायमचे गेले.

सेटिंगचे स्क्रू साधारण तीन: ‘एल’ आयडलिंग (रेस न दाबता इंजिन चालणे) आणि रेस उचलण्यासाठी, ‘एच’ पूर्ण रेससाठी, आणि तिसरा आयडलिंगचा वेग ठरवणारा. नवीन मशीनवर पहिल्या दोहोंना टोप्या असतात आणि ते मुद्दाम मर्यादित केलेले असतात. मोकळे असतील तर हलक्या हाताने पूर्ण बंद करून एक ते दीड फेरा उघडणे ही सुरुवात. मग एअर फिल्टर स्वच्छ, पाते किंवा नायलॉनच्या दोरीचे डोके लावलेले, इंजिन पाच मिनिटे गरम केलेले, अशा स्थितीत पुढचे करा. ‘एल’ असा ठेवा की रेस दाबताच इंजिन न अडखळता उचलते. आयडलिंग एवढे कमी करा की इंजिन बंद पडत नाही आणि पाते अजिबात फिरत नाही. शेवटी ‘एच’: पूर्ण रेसवर, गवत न कापता, आवाज किंचित फुटका, भरभरल्यासारखा यायला हवा आणि गवतात घालताच तो साफ व्हायला हवा. स्क्रू आत घेत गेले की आवाज किणकिणता, तीक्ष्ण होतो आणि वेग वाढल्याचे सुख मिळते. त्या सुखाने पिस्टन जातात. संशय असेल तेव्हा ‘एच’ पाव फेरा बाहेरच ठेवावा.

आयडलिंग कमी करूनही पाते फिरत राहिले तर दोष कार्बोरेटरचा नाही. क्लचची स्प्रिंग तुटलेली किंवा सैल झालेली असते. ती बदलेपर्यंत मशीन वापरू नये.

सायलेन्सरमध्ये ठिणगी अडवणारी बारीक जाळी असते. मशीन सुरू होते, आयडलिंग छान, पण रेस चढत नाही आणि ताकद लागत नाही, तेव्हा ती काढून तारेच्या ब्रशने साफ करा. फेकून देऊ नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये सुक्या गवतात एक ठिणगी पुरते. ब्लॉकच्या धुराच्या भोकातली काजळी खरवडायची असेल तर आधी दोरीने पिस्टन त्या भोकावर आणून ते झाका, आणि लाकडी चोयटीने खरवडा, लोखंडाने नाही.

गिअर, शाफ्ट, पाते

खालच्या गिअरच्या डोक्याला बाजूला एक बोल्ट असतो. तो काढून दर २०-२५ तासांनी पाहा. ग्रीस दिसत नसेल तर लिथियम ईपी-२ ग्रीस पाच-दहा ग्रॅम भरा आणि भरताना पाते हाताने फिरवा. गच्च भरायचे नाही, पाऊण भाग पुरे. जास्त झालेले ग्रीस तापून सील बाहेर ढकलते, आणि मग त्याच वाटेने पाणी आत येते. काम करून झाल्यावर डोक्याला हात लावता येत नसेल इतके ते तापत असेल, किंवा पाते धरून हलवल्यावर खडखडत असेल, तर बेअरिंग गेले आहे. पात्याखालच्या वायसरमागे गवताचे दोरे गुंडाळून बसतात, ते चाकूने कापून काढा. सील फाडण्याचे काम तेच करतात. वर्षातून एकदा नळीतून शाफ्ट बाहेर काढून पुसा आणि पातळ ग्रीस लावा. पाठीवरच्या मशीनच्या लवचीक शाफ्टला हे जास्त वेळा लागते.

पात्याच्या नटाला उलटे आटे असतात. एलन चावी गिअरच्या डोक्यावरच्या भोकात घालून गिअर अडकवा आणि नट घड्याळाच्या दिशेने फिरवून सोडवा. सवयीने उलट जोर लावणारे लोक आटे मोडतात.

तीन दातांचे पाते चपट्या कानसीने मूळ कोनातच, साधारण ३० अंशांत घासा. प्रत्येक दाताला सारखेच घाव मोजून द्या, दहा म्हणजे दहाच. नंतर मधल्या भोकात पेचकस घालून आडवे धरा. एकच बाजू दरवेळी खाली जात असेल तर ती जड आहे, थोडी घासा. तोल गेलेले पाते हाताला मुंग्या आणते आणि गिअरचे बेअरिंग खाते. कातळावर जांभ्याला ठोकून भेग गेलेले पाते वेल्डिंग करून वापरू नये. ते तुटते तेव्हा कुठे जाईल ते सांगता येत नाही. रानमोडीची जून खोडे तीन दातांच्या पात्याने ठोकत बसू नका, त्याला करवतीसारखे गोल पाते असते.

नायलॉनच्या दोरीबाबत एकच गोष्ट जीव तोडून सांगावीशी: गार्ड काढू नका. गार्डवरची छोटी पाती दोरी ठरावीक लांबीवर कापते. गार्ड काढला की दोरी लांब राहते, इंजिनाचा वेग उतरतो, क्लच घसरून तापतो, आणि लोक दोष कंपनीला देतात. दोरी जास्त जाडीची घालूनही हेच होते. क्लचवायर किंवा लोखंडी तार तर मुळीच नको, तुटलेला तुकडा गोळीसारखा जातो. दोरी सारखी तुटत असेल तर वापरायच्या आदल्या रात्री पाण्यात भिजत घाला. उन्हात सुकलेले नायलॉन ठिसूळ होते, ते पाणी पिऊन पुन्हा चिवट होते.

फोर-स्ट्रोक असेल तर

काम कमी, पण ऑइलकडे दुर्लक्ष चालत नाही, कारण ते असतेच इवलेसे. होंडा जीएक्स३५ हे ३५.८ सीसीचे इंजिन बऱ्याच ग्रास कटरवर असते. त्यात ऑइल फक्त १०० मिली. ग्रेड १०डब्ल्यू-३०. पहिले ऑइल १० तासांनी, मग दर ५० तासांनी किंवा सहा महिन्यांनी. इंजिन कोमट असताना मशीन तिरपे करून भोकातूनच ओतून काढा. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, थंड इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला ०.०८ आणि धूर बाहेर सोडणाऱ्याला ०.११ मिमी. जोराने दोरी ओढूनही इंजिन दमल्यासारखे वाटले तर आधी तेच मोजा.

हंगाम संपल्यावर

टाकी पूर्ण रिकामी करा. बल्ब पाच-सहा वेळा दाबा, पुन्हा टाकीत आलेले ओतून काढा, मग मशीन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. टू-स्ट्रोकचा प्लग काढून भोकात ५ मिली टू-स्ट्रोक ऑइल टाका, दोरी तीन-चार वेळा सावकाश ओढा, प्लग लावा, आणि दोरी जड लागेल तिथे थांबवा. म्हणजे पिस्टन वर राहतो, भोके झाकली जातात आणि खारी दमट हवा आत कमी शिरते. पात्याला ऑइलचा हात फिरवा. मशीन खताच्या गोणीशेजारी ठेवू नका. युरिया-मिठाने अॅल्युमिनियम फुलते. खुंटीला टांगा, कारण खाली ठेवलेल्या मशीनच्या पेट्रोलच्या नळ्या उंदीर कुरतडतात. जूनमध्ये काढाल तेव्हा पेट्रोल भरण्याआधी टाकीत टॉर्च मारून त्या नळ्या आधी बघा.